दोन डॉक्टर, एक बीएमआय

आज एका फोटोची गोष्ट सांगतो. २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेला. त्यात दोन डॉक्टर आहेत: लंडनचे जॉन युडकिन आणि आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. तुमच्या फोनमधलं ॲप दोघांनाही 'नॉर्मल' म्हणून मोकळं झालं असतं. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२!

मला यात भावतं ते याज्ञिकांचं दुहेरी काम. ते संशोधक, आणि डायबेटिसच्या ओपीडीत बसणारे डॉक्टरही. ऑक्सफर्डहून परतल्यावर त्यांना दिसलं, की टाइप टूचा पेशंट इंग्रजी पुस्तकातल्यासारखा वयस्क नि जाडा नाही. इथला तरुण, बऱ्यापैकी सडसडीत. नुसता डॉक्टर असता तर गोळ्या लिहून 'नेक्स्ट' म्हणाला असता. यांनी विचारलं, हे सुरू कुठून होतं?

म्हणून १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. लुकडं दिसणारं, तरी चरबीवालं बाळ!

पुढे कळलं, गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलात इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त. २०१२ मध्ये याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ द्यायला सुरुवात झाली, त्यांना पुढे होणाऱ्या बाळांसाठी.