काळ्या जेलीफिशचे बारसे

वाचकहो, १९८९ साली तुमच्यापैकी जे कोणी सॅन डिएगो-लॉस एंजेलिस भागात राहत होते, त्यांना कदाचित आठवत असेल. त्या वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रात काळ्या-जांभळ्या जेलीफिशच्या झुंडीच्या झुंडी आल्या. साध्यासुध्या नव्हेत. छत्रीसारखे शरीर जवळजवळ मीटरभर रुंद, म्हणजे आपल्या लग्नकार्यातल्या परातीहून मोठे. तोंडाभोवतीच्या झालरी पाच-सहा मीटर आणि दंश करणारे तंतू त्याहूनही लांब.

एवढ्या मोठ्या प्राण्याला तेव्हा शास्त्रीय नावच नव्हते!

तो कोणी पाहिलाच नव्हता असे मुळीच नाही. १९२६ साली काढलेले त्याचे छायाचित्र आहे. ‘मोठी काळी जेलीफिश’ असे उल्लेखही अधूनमधून होत राहिले. पण याच किनाऱ्यावरची जांभळ्या पट्ट्यांची जेलीफिश सर्वांच्या परिचयाची. ही तीच असणार, असे समजून विषय तिथेच संपे. ओळखीचे नाव हाताशी असले की माणूस पुन्हा निरखून बघत नाही.

खरे तर फरक मोजून सांगता येतो. पट्टेवालीला तंतू आठ, काळीला चोवीस. पण वाळूवर येऊन पडलेल्या जेलीफिशचे तंतू तुटलेले असतात आणि जाळ्यात धरावी तर अंगच फाटते. हाड नाही, कवच नाही, बहुतेक सारे पाणी. शिंपला कपाटात ठेवता येतो. हिला कुठे ठेवणार?

१९८९ च्या लोंढ्याने अभ्यासाला नमुने मिळाले. लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे जोएल मार्टिन, लिसा-ॲन गर्शविन आणि तीन सहकारी यांनी १९९७ मध्ये वर्णन प्रसिद्ध करून नाव ठेवले ‘क्रायसेओरा अ‍ॅकलिओस’. दुसरा शब्द ग्रीक. अर्थ धुके, काळोख. तिच्या रंगालाही शोभतो आणि इतकी वर्षे अंधारात राहिलेल्या तिच्या आयुष्यालाही. बारशाला आठ वर्षे लागली, पण झाले ते नीट झाले.

आता एक कबुली. मी वर्गात वर्षानुवर्षे पट्टेवालीला ‘पेलाजिया’ म्हणून शिकवले. १९६४ साली रसेल यांनी आठ तंतू पाहून तिला त्याच कुळात घातले होते. २००२ मध्ये गर्शविन आणि ॲलन कॉलिन्स यांनी तीही क्रायसेओराच ठरवली. म्हणजे ज्या नावाआड काळी इतकी वर्षे लपली, ते नावही चुकीचेच होते! माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील, तर त्यांनी वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

काळी जेलीफिश पुढे १९९९ मध्ये आली, मग २०१० मध्ये. तुम्हाला दिसली तर नातवंडांना तंतू जरूर मोजायला सांगा, पण लांबूनच. वाळूवर मेलेल्या जेलीफिशलाही हात लावू देऊ नका. तिचे तंतू तेव्हाही दंश करतात.