काचेच्या पेटीतले पिल्लू आणि नाशिकची मुले

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळला भोरचा फाटा फुटतो. सईबाईंच्या आजारपणात बाळ संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ याच गावची, गाडे घराण्यातली. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेले ते मूल या दूध-आईमुळे वाढले. सस्तन प्राण्याच्या पिल्लाला दूध हवेच. आईचे नाही, तर दुसऱ्या कोणाचे तरी.

आता याच परिसरातल्या एखाद्या बांधावर सकाळी ऊन खात बसलेला सरडा पाहा. त्याच्या आईने मातीत अंडी घातली, वर माती लोटली आणि ती निघून गेली. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला ना दूध, ना राखण. किडे ते स्वतःच पकडते. पण खाल्लेल्या किड्यांचे हाड व्हायचे, तर आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे ऊन. हे उत्तर आज सोपे वाटते. विज्ञानाला ते मिळायला मात्र शंभर वर्षे लागली, आणि त्याची सुरुवात सरड्यांपासून नव्हे, माणसांच्या आजारी मुलांपासून झाली.

हा विषय आज काढण्याला कारण आहे. शहरांतील काही घरांत आता ‘बिअर्डेड ड्रॅगन’ पाळतात. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, पण आपल्या सरड्याच्याच अगॅमिडी कुलातला प्राणी. गळ्याखालची काटेरी कातडी फुगवली की दाढी दिसते, म्हणून हे नाव. हौसेने पिल्लू आणले जाते. काचेच्या पेटीत घालून पेटी खिडकीपाशी ठेवली जाते. उजेड भरपूर, रातकिडेही भरपूर. तरी काही आठवड्यांत पिल्लाचे पाय थरथरू लागतात, जबडा मऊ पडतो, कणा वाकतो. माणसाच्या मुलांत यासारखाच आजार होतो. त्याला आपण मुडदूस म्हणतो.

धुराखालची मुले

युरोपात कारखान्यांची शहरे वाढली, तसा मुडदूसही वाढला. १८२२ साली पोलंडमधील डॉक्टर श्न्यादेत्स्की यांनी लिहून ठेवले, की हा आजार शहरातल्या मुलांत अधिक आहे आणि त्यावर उपाय उन्हाचा आहे. फारसे कोणी मनावर घेतले नाही. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम या इंग्रज डॉक्टरने निरनिराळ्या देशांतील मिशनरी डॉक्टरांकडून माहिती गोळा केली. भरपूर ऊन असलेल्या देशांत मुडदूस क्वचितच आढळतो, असे त्याच्या ध्यानात आले.

१९१९ साली मात्र मोठा पेच उभा राहिला. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना विशिष्ट आहार देऊन मुडदूस घडवून आणला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळून दाखवला. म्हणजे दोष आहाराचा! त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी आजारी मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे अतिनील किरण दिले आणि मुले बरी झाली. म्हणजे दोष उजेडाचा! विशेष म्हणजे एकाच हातावर किरण पाडले, तरी दोन्ही हातांची हाडे सुधारली. याचा अर्थ, त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तावाटे अंगभर जात असले पाहिजे.

या वादात आपल्या नाशिकनेही साक्ष दिली. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिक भागातील मुलांची पाहणी करून १९२२ साली ती प्रसिद्ध केली. उन्हात राबणाऱ्या गरीब घरांत खाण्याची आबाळ होती, पण तिथल्या मुलांत मुडदूस जवळजवळ नव्हता. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत खाण्यापिण्याला कमी नव्हती, पण बाळ-बाळंतीण महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोलीत असत. मुडदूस तिथे होता. ऊन भरपूर असलेल्या देशातही ते अंगावर पडले नाही, तर उपयोग नाही, हे यातून स्पष्ट झाले.

१९२४ साली अमेरिकेत हॅरी स्टीनबॉक आणि आल्फ्रेड हेस यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की काही पदार्थांवर अतिनील किरण पाडले की त्या पदार्थांनाच मुडदूस रोखण्याचा गुण येतो. आहार आणि उजेड यांचे भांडण मिटले. दोघांच्या मुळाशी एकच गोष्ट होती, जीवनसत्त्व ‘ड’. या गटातील रसायनांवरील कामासाठी आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उजेड आणि ऊब

सरड्याची गोष्ट इथे संपत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण ‘थंड रक्ताचे’ म्हणतो. जशी हवा तसे त्यांचे अंग, असाच पूर्वी समज होता. १९४४ साली रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटातील सरड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरडा उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात ये-जा करून दिवसभर अंगाचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतो, असे त्यांना दिसले. सावली मिळाली नाही, तर वाळवंटातलाच सरडा उन्हाने मरतो.

त्वचेत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. अतिनील किरणांनी त्वचेत आधी ‘ड’चे पूर्वरूप तयार होते. त्याचे जीवनसत्त्वात रूपांतर व्हायला ऊब लागते. आपले अंग गरमच असते. सरड्याला ती ऊब बाहेरून घ्यावी लागते. आणि ‘ड’ नसेल, तर अन्नातले कॅल्शियम अंगी लागत नाही.

आता खिडकीपाशी ठेवलेल्या पेटीचा दोष ध्यानात येईल. काचेतून उजेड आणि उष्णता येते, पण ‘ड’ घडवणारे अतिनील किरण काच जवळजवळ सगळे अडवते. (हुल्डशिन्स्कींच्या दिव्याची नळी म्हणूनच साध्या काचेची नव्हे, क्वार्ट्‌झची होती.) शिवाय बंद पेटी उन्हात तापली, तर पिल्लाला पळायला सावलीही नसते.

म्हणून जाणकार पेटीच्या एका टोकाला सुमारे ४० अंश सेल्सियसची ऊब देतात आणि दुसरे टोक २५ ते २८ अंशांवर ठेवतात, म्हणजे पिल्लू स्वतः जागा निवडते. अतिनील किरणांची नळी काचेआडून न लावता आत लावतात आणि ठरावीक काळाने बदलतात, कारण दिसणारा उजेड तसाच राहिला तरी हे किरण हळूहळू कमी होतात. रातकिड्यांत कॅल्शियम कमी असते, म्हणून त्यांना कॅल्शियमची भुकटी लावतात. पिल्ले एकमेकांची बोटे व शेपट्या तोडतात, म्हणून ती वेगवेगळी ठेवतात. ‘ड’ची भुकटी दिली की झाले, असेही नाही. २०१० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी याच प्राण्याची नुकती जन्मलेली पिल्ले वाढवून पाहिली. रोज दोन तास अतिनील किरण मिळालेल्या पिल्लांच्या रक्तात ‘ड’चा साठा केवळ तोंडाने ‘ड’ दिलेल्या पिल्लांच्या सुमारे अठरापट निघाला.

इतका खटाटोप करून जे द्यायचे, ते बांधावरच्या सरड्याला फुकट मिळते. ‘शाळेत सरडा पाळू या का?’ असे मुलांनी विचारले, तर आमचे उत्तर ‘पकडू नका, पाहा’ असे आहे. (घोरपड तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला पकडणे गुन्हा आहे.) थंडीतल्या एखाद्या दिवशी कुंपणावरचा एक सरडा निवडा. सकाळी आठपासून दर अर्ध्या तासाने तो उन्हात आहे की सावलीत, अंग पसरून आहे की आखडून, याची नोंद करा. शेजारी हवेचे तापमान लिहा. संध्याकाळी त्याचा आलेख काढा. काउल्स आणि बोगर्ट यांना जे दिसले, ते कापूरहोळच्या मुलांनाही आपल्या वहीत दिसेल.

आणि वही मिटण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या वर्गातली मुले दिवसातून किती वेळ उन्हात असतात?