सांगणारा कोण, लिहिणारा कोण?

ह्या ज्युबिली-अंकासाठीं वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणी आम्ही लिहून घेऊं लागलों, तेव्हां एकच हकीगत दोघांनीं दोन तऱ्हांनीं सांगितली. खालीं नांव सांगणाराचें घालावें कीं लिहिणाराचें, असा पेंच पडला. वाचकहो, हा पेंच आमच्या मुलखास नवा नाहीं. हिवरखेडच्याच मोर्शी तालुक्यांतील रिद्धपुरास तो सातशें वर्षांपूर्वीं पडला होता.

श्रीचक्रधरांनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. त्यांच्या मागें, इसवी सन १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनीं नागदेवाचार्यांच्या साह्यानें त्यांच्या लीळा गोळा केल्या. ज्याच्यापुढें प्रसंग घडला त्याला गांठावें, विचारावें व ऐकलेलें लिहावें, ही त्यांची रीत. संत लूकनेंहि शुभवर्तमानाच्या आरंभीं अशाच शोधाचा उल्लेख केला आहे. पुढें खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी हरपली व अनुयायांनीं ती स्मरणानें पुन्हां सिद्ध केली, असें परंपरा सांगते. म्हणून लीळाचरित्र एक, पाठ मात्र अनेक! वऱ्हाडचेच वि. भि. कोलते यांनीं १९७८ सालीं तें परिश्रमपूर्वक संपादिलें. परंतु अमुक शब्द चक्रधरांचा, अमुक म्हाइंभटांचा कीं नंतरच्या कोणाच्या स्मरणांतला, हें प्रत्येक ठिकाणीं कोण सांगणार?

केशिराजांचें काम आम्हांस ह्या बाबतींत अधिक चोख वाटतें. त्यांच्या दृष्टांतपाठांत ११४ दृष्टांत आहेत. सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे, आणि दार्ष्टांतिक, म्हणजे त्यांचा उलगडा, केशिराजांचा. कोणाचें किती, हें मांडणीवरूनच कळतें.

आमच्या घरचेंहि उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ सालीं छापलें गेलें. त्या छापील प्रतींपैकीं एकहि आज उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं मंगळुरास सालढाणा यांनीं तें हस्तलिखितांवरून रोमन लिपींत काढलें. नंतर लंडनमधील देवनागरी पोथी उजेडांत आली, तों तींत पुष्कळ पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द! कर्त्याविषयीं वाद नाहीं. त्याचे खरे शब्द कोणते, ह्याविषयीं मात्र पंडितांचें एकमत नाहीं.

आम्हीं त्या दोन्ही हकीगती जशाच्या तशा, सांगणारांच्या नांवानिशीं, पुढील पानांवर शेजारीं शेजारीं छापल्या आहेत. भाषा सुधारली ती आमची. तिचा दोष त्यांस लावूं नये.