आसऱ्याचे दार

संकटाच्या वेळी माणूस कुठे धाव घेतो, याचे उत्तर सरकारी आराखड्यात एक असते आणि गावाच्या आठवणीत दुसरे. आराखड्यात शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालय अशी नावे असतात. आठवणीत गढी, देऊळ, मठ, धर्मशाळा आणि पांढरीचा उंच भाग असतो. ही दोन उत्तरे जिथे जुळतात तिथे माणसे वाचण्याची शक्यता वाढते. वऱ्हाडचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर इमारतीइतकाच दाराचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ते दार कुणाला माहीत होते आणि कुणासाठी उघडत होते?

वऱ्हाडातल्या गढ्या आज पडक्या मातीचे ढिगारे होऊन उभ्या आहेत. पेंढाऱ्यांच्या धाकाच्या काळात गावाने जीव मुठीत धरून जायची जागा म्हणजे गढी. जागा उंच, भिंती जाड, आत विहीर. पण गढी देशमुखाची किंवा पाटलाची असे आणि दार उघडायचे की नाही हे तोच ठरवी. गावकुसाबाहेरच्या वस्तीला त्या दारात हक्क नव्हता. पुढे प्लेग आला, तेव्हा संकटाचे रूप उलटे झाले. भिंतींच्या आतच मरण होते. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव ओस पडे आणि माणसे शेतात झोपड्या घालून राहत. हा आसरा कुणी बांधून दिलेला नव्हता. काळीतल्या धुऱ्यावरची ती झोपडी लोकांनी अनुभवातून शोधली होती.

सरकारी आसरा आला तो दुष्काळाबरोबर. 1880च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि त्यांत कामाबरोबर गरीबखान्यांचीही तरतूद होती. दुर्बळांना तिथे शिजवलेले अन्न आणि निवारा मिळे. तरीही अनेक जण तिथे जायला कचरत. शिजवणारा कोण, पंगतीला शेजारी कोण, गावात परतल्यावर लोक काय म्हणतील, या भीतीने पाय अडत. उपाशी माणूस मिळेल त्या दारी जाईल, हे गृहीतक तेव्हाही खरे नव्हते. आसरा घेताना माणूस आपली अब्रू दाराबाहेर ठेवून येत नाही.

हे कोडे ज्यांनी ओळखले त्यांत अमरावती जिल्ह्यातलेच एक नाव ठळक आहे. शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात तेव्हाही धर्मशाळा होत्या, पण त्यांच्या दारात जात विचारली जाई. म्हणून बाबांनी तिथे चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्य वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधली आणि 1949 साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. याच जिल्ह्यात 1927 साली अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाची हाक दिली गेली होती. हा प्रश्न देवदर्शनापुरता नव्हता. बहुतेक गावांत देऊळच सर्वांत पक्के बांधकाम आणि बहुधा उंचावरचे. त्याचे दार एरवी बंद असेल, तर पुराच्या रात्री ते उघडेल असे ज्यांच्यासाठी ते बंद होते त्यांनी कशाच्या भरवशावर मानावे? 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना मदत छावण्यांतून दूर ठेवल्याच्या तक्रारी झाल्या. हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा राहिलेला नाही.

पुराच्या रात्री काय होते, हे वऱ्हाडच्या वेशीवर 30 जुलै 1991 रोजी दिसले. वर्धा नदीच्या काठावरचे मोवाड, नागपूर जिल्ह्याच्या टोकाला. नदीपलीकडे आमचा वरूड तालुका. त्या दिवशीच्या महापुराने मोवाडमध्ये 204 माणसे गेली. पुढे गाव नव्या जागी वसवले गेले. अशा पुरात आसरा शोधायला वेळ मिळत नाही. तो आधीच ठाऊक असावा लागतो. आमच्याकडे आणखी एक अडचण असते. नदीच्या आधी नाला फुगतो, पांदण रस्त्याचा चिखल होतो आणि गावाचे दोन तुकडे पडतात. पलीकडची पक्की शाळा अलीकडच्या वस्तीच्या उपयोगाची राहत नाही. शिवाय शेतकरी गुरे सोडून निघत नाही. दावणीचा विचार न करता नेमलेला आसरा अर्धाच.

ओडिशाने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. 1999च्या चक्रीवादळात तिथे जवळपास दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर किनाऱ्यावर खांबांवर उभारलेली निवारागृहे झाली. त्यांतली अनेक एरवी शाळा म्हणून वापरात असतात. 2013च्या ‘फायलिन’च्या वेळी सुमारे 10 लाख लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या काही दहांत राहिली. इशारे वेळेवर मिळाले, हे खरेच. पण ज्या खोलीत पोर रोज शिकते, तिथे रात्री जायला आईला वाट विचारावी लागत नाही, हेही तितकेच खरे.

या अंगाने मोझरीकडे पाहावे. तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथे गुरुकुंज आश्रम उभारला. तो नागपूर-अमरावती हमरस्त्याला लागून आहे आणि इथल्या सामुदायिक प्रार्थनेला जातीधर्माची अट नाही. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला लाखो माणसे येतात. दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. आपण तिची शिस्त पाहतो. पण त्या दिवसांत मुक्कामाचे मंडप, पाण्याच्या टाक्या, पंगती, हरवलेल्यांचा पुकारा हे सारेही चालू असते. आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकात ज्याला सराव म्हणतात, तो वऱ्हाड दरवर्षी न सांगता करते. त्याला आपण तसे म्हणत नाही, इतकेच. वाऱ्या, यात्रा, सप्ताह जिथे भरतात तिथे ही विद्या गावोगावी आहे.

कायद्याने मागितलेले याहून फार वेगळे नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005च्या कलम 30 नुसार मदत केंद्र म्हणून वापरता येतील अशा इमारती जिल्हा प्राधिकरणाने आधीच हेरून तिथे पाणी आणि स्वच्छतेची सोय करायची आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या किमान निकषांत माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, तीस माणसांमागे एक शौचालय आणि माणशी दिवसाला तीन लिटर पिण्याचे पाणी सांगितले आहे. वीस फूट बाय पंचवीस फुटांच्या वर्गखोलीत या हिशेबाने तेराच माणसे मावतात. चार खोल्यांची शाळा म्हणजे बावन्न माणसे. हजार वस्तीच्या गावाला ती पुरी पडणार नाही, हे कळायला त्रैराशिक पुरे.

म्हणून हा प्रश्न ग्रामसभेत कोरड्या दिवसांतच विचारायला हवा. आपल्या गावातल्या कोणत्या इमारती या यादीत आहेत? नाल्याच्या या बाजूला कोणती? किल्ली कुणाकडे असते आणि तो रात्री गावात मुक्कामी असतो का? गुरे कुठे बांधायची? आणि गावातले असे कुणी आहे का, ज्याने त्या इमारतीत आजवर पाऊल ठेवलेले नाही? हा शेवटचा प्रश्न कोणत्याही छापील अर्जात सापडत नाही. गढीपासून धर्मशाळेपर्यंतचा आपला सगळा इतिहास मात्र त्याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे.