अ‍ॅक्सल सील गळती (विलीज घडणीच्या जीपमधील)

अ‍ॅक्सल सील गळती : डिफरन्शियलमधील गिअर ऑइल अ‍ॅक्सलच्या नळीतून चाकापर्यंत झिरपून बाहेर पडण्याचा दोष. मागच्या चाकाशी पोचलेले तेल ब्रेक ड्रममध्ये उतरते. लायनर तेलकट झाले की त्या चाकाचा ब्रेक धरेनासा होतो आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. घाटउतारावर हे जिवावर बेतू शकते. म्हणून या दोषाची गणना ब्रेकच्या दोषांत करावी.

इतिहास : महिंद्र कंपनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत विलीज जीप जुळवू लागली. अमेरिकेत १९५३ साली आलेले सीजे-३बी हे मॉडेल भारतात पुढे अनेक दशके बनत राहिले. सुरुवातीच्या जीपमध्ये चामड्याचे सील असे. नंतर त्याची जागा रबराने घेतली.

रचना : सीजे-३बीचा मागचा अ‍ॅक्सल स्पायसर ४४ जातीचा, सेमी-फ्लोटिंग, म्हणजे चाकाचा भार खुद्द शाफ्टवर आणि नळीच्या टोकातील टेपर रोलर बेअरिंगवर येतो. बेअरिंगच्या आतल्या बाजूचे सील गिअर ऑइल अडवते, बाहेरचे ग्रीस अडवते. आतले सील हुकले की तेल बेअरिंगचे ग्रीस धुऊन नेते आणि बाहेरच्या सीलपर्यंत येऊन पोचते. बेअरिंग झिजलेले असेल तर शाफ्ट डुगडुगतो. मग नवे सीलही टिकत नाही.

निदान : बॅकिंग प्लेटच्या तळाशी व टायरच्या आतल्या अंगाला ओल दिसते. व्हील सिलिंडर गळला तरी ओल तिथेच येते, म्हणून ती कशाची हे आधी ठरवावे. गिअर ऑइल दाट, चिकट व गंधकासारख्या उग्र वासाचे; ब्रेक ऑइल पातळ असते आणि गाडीचा रंग खाते. ओल लागलेले बोट पाण्याखाली धरावे : ब्रेक ऑइल धुऊन जाते, गिअर ऑइलचा चिकटा राहतो. मग लेव्हल प्लग उघडावा. तेल भळाभळा बाहेर आले तर ते जास्त भरलेले आहे. त्यानंतर हाउसिंगवरील ब्रीदर पाहावा. चिखलाने तो बुजला की तापलेली हवा कोंडते आणि तेलाला सीलमधून बाहेर रेटते. अशी गाडी ओढ्यात घातली तर अ‍ॅक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि त्याच वाटेने पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसणे ही त्याची खूण. कोकणात पावसाळा सरला की ब्रीदर काढून साफ करावाच.

दुरुस्ती : गाडी जॅकवर उचलून घोडी लावावी. शाफ्टचे टोक निमुळते असते व त्यावर हब चावीने घट्ट बसलेला असतो. तो पुलरनेच काढावा. हातोड्याने ठोकल्यास आटे व बेअरिंग बिघडतात. शाफ्ट बाहेर आला की सीलच्या जागी नख फिरवावे. नख अडकले तर शाफ्टला चर पडला आहे : तिथे पातळ स्लीव्ह चढवावी, अथवा सील किंचित आत-बाहेर बसवून त्याच्या ओठाला नवी जागा द्यावी. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, ओठाला तेल लावावे आणि कडेवर सगळीकडून सारखे ठोकत ते बसवावे. बॅकिंग प्लेटचे शिम जपून ठेवावेत. इंचाच्या काही हजारांश इतकाच असलेला शाफ्टचा एंड प्ले त्यांवर ठरतो. शेवटी नट कसून कॉटर पिन घालावी.

तेलकट लायनर धुऊन वापरावेत का, याबाबत दुमत आहे; दोन्ही चाकांचे एकदम बदलणे सुरक्षित. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नये.

पुढचा अ‍ॅक्सल : चाकाला वळू देणारा सांधा नकलच्या बंद गोळ्यात असतो. आतले सील गळले की गिअर ऑइल गोळ्यातील ग्रीस पातळ करते व ते फेल्टमधून ठिबकते. नुसते फेल्ट बदलून गळती थांबत नाही.

मारुती जिप्सी (१९८५) : पुढची रचना याच प्रकारची, बंद नकलची.