क्रिस्तपुराणाच्या पोथ्या : क्लेशकथा, नक्कल आणि कृतज्ञता

(१) नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें क्षेत्र दत्तस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. महानुभाव पंथासही तें तितकेंच पूज्य असून त्या पंथाच्या सातीग्रंथांपैकीं ‘सह्याद्रिवर्णन’ हा ग्रंथ श्रीदत्तात्रेयप्रभूंच्याच महिम्यास वाहिलेला आहे. त्याचे कर्ते रवळोबास यांच्याकडेच सकळ लिपीचें जनकत्व परंपरेनें दिलें जातें. या लिपीच्या आड महानुभावांचें मराठी वाङ्मय कित्येक शतकें झांकलेलें राहिलें आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे प्रभृति संशोधकांनीं तिचा उलगडा केल्यावर मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्यानें लिहावा लागला. लिपि अनोळखी म्हणून आंतील भाषाही परकी समजणें ही संग्राहकाची केवढी मोठी चूक ठरते, तें या प्रकरणानें शिकविलें.

माहुराचें हें उदाहरण प्रारंभीं देण्याचें कारण असें कीं, अशाच रीतीनें एका परक्या लिपींत आणि एका मर्यादित समाजाच्या घरोघर सुरक्षित राहिलेला दुसरा एक मोठा मराठी ग्रंथ आहे. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’. त्याच्या भाषासौंदर्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; मराठीच्या थोरवीच्या त्यांतील ओव्या शालेय पुस्तकांमुळें सर्वांच्या परिचयाच्या आहेत. प्रस्तुत लेखांत त्या वाटेस न जातां एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : ज्या ग्रंथाची एकही जुनी छापील प्रत आजवर उपलब्ध झालेली नाहीं, तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोंचला कसा?

(२) ग्रंथकर्त्याचें चरित्र थोडक्यांत असें. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत इ. स. १५४९ च्या सुमारास स्टीफन्स यांचा जन्म झाला. त्या काळीं तेथें रोमन कॅथलिक मतास राजाश्रय तर नव्हताच, उलट तें मत बाळगणें जोखमीचें होतें. थॉमस पाउंड नांवाच्या मित्रासह रोमला जाऊन येशुसंघांत प्रवेश करावा असा स्टीफन्स यांचा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले व पुढें सुमारें तीस वर्षें त्यांनीं निरनिराळ्या तुरुंगांत काढलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले आणि १५७५ मध्यें संघांत दाखल झाले. बंदिवान मित्रासही संघांत घ्यावें म्हणून त्यांनीं रोमहून १५७८ मध्यें रदबदली केली व ती मान्य झाली. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले आणि १६१९ मध्यें तेथेंच निवर्तले. चाळीस वर्षांच्या या वास्तव्यांत ते मायदेशीं परत गेले नाहींत. ज्याचा मित्र धर्ममतासाठीं कारागृहांत आहे आणि ज्याची जन्मभूमि त्याला कायमची अंतरली आहे, असा पुरुष क्रिस्ताच्या यातनांची कथा लिहावयास बसतो, तेव्हां क्लेश हा त्याच्या लेखणीचा केवळ पोथीनिष्ठ विषय नसतो.

(३) परंतु इतिहासकारानें एकाच बाजूचे क्लेश मोजून चालत नाहीं. स्टीफन्स ज्या साष्टी प्रांतांत वावरले तेथील देवालयें १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेनें पाडविलीं होतीं. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें रुदोल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह पांच येशुसंघीय व त्यांचे सोबती ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. हे आक्वाव्हिवा म्हणजे अकबराच्या दरबारीं गेलेल्या पहिल्या येशुसंघीय मंडळाचे प्रमुख होत. पुढें त्याच गांवच्या प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून घेऊन विनाचौकशी ठार करण्यांत आलें. चर्चच्या इतिहासांत पहिल्या पांचांस हुतात्मे म्हटलें जातें; कुंकळ्ळीच्या स्मृतींत दुसऱ्यांस तोच मान आहे. दोन्ही स्मृति खऱ्या आहेत.

पोथ्यांच्या संग्राहकास याहूनही जवळचा वाटेल असा प्रसंग लुईश फ्रॉइश यांच्या १५५९ च्या पत्रव्यवहारांत आला आहे. व्यासांच्या नांवावर चालणारे ग्रंथ देशभाषेंत उतरविण्यासाठीं आठ वर्षें खपलेल्या एका ब्राह्मणाच्या घरांतून त्याच्या पोथ्या नवख्रिस्ती तरुणाच्या साह्यानें उचलून आणून सेंट पॉलच्या विद्यालयांत जमा करण्यांत आल्या. त्या ब्राह्मणाचें पुढें काय झालें तें कागद सांगत नाहींत. उद्देश त्या धर्माचें खंडन करण्याचा होता. परंतु अशाच उद्योगांतून रोमन लिपींत उतरून घेतलेल्या मराठी व कोंकणी साहित्याचीं बाडें पोर्तुगालांतील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत ७७१, ७७२ व ७७३ या क्रमांकांखालीं आज सुरक्षित आहेत, आणि गोमंतकांतील जुन्या मराठी कवितेचा व कोंकणी गद्याचा मोठा पुरावा म्हणजे हींच बाडें होत. ज्यांनीं पोथ्या हिरावल्या त्यांच्याच दप्तरांत त्यांतील कांहीं वांचल्या, हें विलक्षण खरें. पण त्यामुळें मूळ हानीचें परिमार्जन होत नाहीं.

(४) या हानीची जाणीव खुद्द क्रिस्तपुराणांत नोंदलेली आहे. ग्रंथाच्या आरंभींच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विनवितो कीं, आमचीं पूर्वीचीं पुराणें बंद झालीं, तर त्यांच्या जागीं ऐकावयास दुसरें कांहींतरी आम्हांस द्या. ग्रंथाचा जन्म या मागणीच्या उत्तरादाखल झाला असें कवि दाखवितो. म्हणजे ज्या श्रोत्यांसाठीं हें पुराण रचलें गेलें, ते श्रोते आधीं कांहींतरी गमावून बसलेले होते. क्रिस्ताच्या क्लेशांची कथा त्यांनीं ज्या आर्ततेनें उचलून धरली, तिच्या मुळाशीं हें रितेपण असलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिलें पुराण’ जुन्या करारावर असून त्यांत ३६ अवस्वर आहेत. ‘दुसरें पुराण’ येशूच्या चरित्रावर असून त्यांत ५९ अवस्वर आहेत. एकूण ओव्या १०,९६२. आरंभीं पुराणपद्धतीचें मंगलाचरण आहे, आणि स्वर्गास ‘वैकुंठ’ हाच शब्द योजिला आहे. ज्या दशकांत लातूरपासून फार दूर नसलेल्या अंबेजोगाईस दासोपंत आपली प्रचंड ग्रंथरचना करीत होते व कापडाच्या पासोडीवर ओव्या उतरवीत होते, त्याच दशकांत राशोल येथें हा इंग्रज त्याच ओवीछंदांत लिहीत होता. दोघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आला असें नव्हे. ओवीची सत्ता तेव्हां माणदेश-मराठवाड्यापासून साष्टीपर्यंत एकच होती, एवढेंच यावरून दिसतें.

येशुसंघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधने’च्या तिसऱ्या आठवड्यांत साधकानें क्रिस्ताच्या यातनांचें चिंतन करावयाचें असतें, आणि तें असें कीं, स्थळ, माणसें, शब्द हीं सर्व प्रत्यक्ष समोर आहेत. आपल्याकडील पुराणिकाचें कसब याहून वेगळें नाहीं. म्हणून बागेंतील प्रार्थना, फटक्यांचा मार, कांट्यांचा मुकुट, क्रूस, मातेचा शोक हे प्रसंग मराठी ओवींत आले तेव्हां श्रोत्यास ते परके वाटले नाहींत. ‘माझ्यासाठीं याने सोसलें; आतां मी उतराई कसा होऊं?’ हा भाव संतवाङ्मयानें घडविलेल्या कानांस जुनाच होता. उपकार फिटणारे नसतात, तेव्हां ते निदान स्मरावे, आणि स्मरण टिकावें म्हणून लिहून ठेवावे, हीही आपली जुनीच रीत.

(५) आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. क्रिस्तपुराण १६१६ मध्यें राशोल येथें प्रथम छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें पुनर्मुद्रित झालें. छपाई रोमन अक्षरांत होती. देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी स्टीफन्स यांनीं १६०८ च्या पत्रांत रोमकडे मागितली होती. ती योजना सिद्धीस गेली नाहीं. तीन आवृत्त्या निघूनही त्यांपैकीं एकाही छापील प्रतीचा मागमूस नाहीं. १६७४ नंतर गोव्यांतील छापखाना जवळजवळ मुका झाला, तो १८२१ पर्यंत. १६८४ मध्यें व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यांनीं देशभाषा सोडून पोर्तुगीजचा अंगीकार करावा असा हुकूम काढला. या परिस्थितींत मराठी ख्रिस्ती ग्रंथास छापखान्याचा किंवा सरकाराचा आश्रय कोठून मिळणार? ज्या सत्तेच्या छायेखालीं ग्रंथ जन्मला, त्याच सत्तेनें त्याची भाषा निकालांत काढली.

तरीही ग्रंथ जगला, तो हातांनीं केलेल्या नकलांवर. दुष्काळ, लढाया व सक्ती यांमुळें गोवा सोडून कानड्या मुलुखांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं आपल्याबरोबर हें पुराण नेलें. उपवासकाळांत, विशेषतः क्लेशकथेच्या दिवसांत, त्याचें वाचन होई. १७८४ मध्यें टिपू सुलतानानें मंगळूरच्या हजारों ख्रिस्ती लोकांस पकडून श्रीरंगपट्टणास नेलें. त्यांची सुटका १७९९ मध्यें झाली. या बंदिवासांत क्रिस्तपुराणाच्या ओव्यांनीं त्यांस धीर दिला, अशी त्या समाजाची परंपरा आहे. परंपरेस कागदाचें बळ कितपत आहे, हा प्रश्न वेगळा; पण मंगळूरच्या घरांतूनच पुढें हस्तलिखितें मिळालीं आणि त्यांवरून जोसेफ साल्डाना यांनीं १९०७ मध्यें रोमन लिपींत पहिली आधुनिक आवृत्ति सिद्ध केली, ही गोष्ट निर्विवाद आहे.

आपल्या पोथ्यांच्या शेवटीं नकलकारानें पाठ, मान व डोळे शिणवून हें लेखन केलें, तरी तें जपावें, अशा आशयाचा श्लोक नेहमीं आढळतो. आपण तो सरावानें वाचून पुढें जातों. अकरा हजार ओव्या हातानें उतरविणाऱ्या गृहस्थाचा तो त्याग क्रिस्तपुराणाच्या बाबतींत अक्षरशः ग्रंथाचा प्राण ठरला. क्लेशकथेबद्दलची कृतज्ञता प्रवचनांतून किती व्यक्त झाली तें आज कळण्यास मार्ग नाहीं. तिचा लेखी पुरावा या नकला आहेत.

(६) दुसरा धागा लंडनचा आहे. विल्यम मार्सडन यांच्या संग्रहांतून तेथील प्राच्यविद्यालयांत आलेलें क्रिस्तपुराणाचें नागरी हस्तलिखित अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांनीं १९२३ च्या सुमारास उजेडांत आणलें. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञा आहेत, तेथें या प्रतींत बहुधा संस्कृत शब्द आहेत. यावरून हाच मूळ पाठ असावा असा ॲबट यांचा तर्क. उलट पक्षीं, कोणा मराठी व्युत्पन्नानें परके शब्द काढून पाठ शुद्ध केला असावा, असेंही म्हणतां येतें. कारण छापील ग्रंथ प्रथमपासून रोमन लिपींत होता आणि चर्चच्या संज्ञा बदलण्याचें स्वातंत्र्य स्टीफन्स यांस कितपत होतें, ही शंका उरतेच. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. परंतु दोन्ही पाठांची ओवीवार तुलना झाल्याविना निर्णय देणें अप्रशस्त होय. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ मध्यें पुण्यास नागरी आवृत्ति काढली. पुढें १९९६ मध्यें कारिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्यें नेल्सन फलकाव यांची अर्वाचीन मराठी अनुवादासह आवृत्ति निघाली. तेव्हां तुलनेचें साधन आतां दुर्मिळ नाहीं.

याच वर्गांतील इतर ग्रंथांकडेही लक्ष वेधणें अवश्य आहे. एत्येन द ला क्र्वा यांचें सेंट पीटरविषयींचें पुराण गोव्यांत १६२९ ते १६३४ या काळांत छापलें गेलें. फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारांइश यांचें क्रिस्ताच्या मरण-यातनांवरील पुराण १६५९ मध्यें लिस्बन येथें निघालें. त्याची भाषा वसई-साष्टीकडील लोकभाषेला जवळची असून उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती समाजांत तें ‘पुराण’ याच नांवानें रूढ होतें.

(७) मराठवाड्यांतील संग्राहकांस यांतून काय घेण्यासारखें आहे? नांदेड-लातूरकडे गोव्याचा हा प्रवाह पोंचलेला नाहीं. मराठवाड्यांतील ख्रिस्ती समाजाचा इतिहास प्रामुख्यानें एकोणिसाव्या शतकापासूनचा, जालन्याजवळ नारायण शेषाद्रि यांनीं वसविलेल्या बेथेलसारख्या वसाहतींचा व निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मिशनांचा आहे. परंतु भजन, कीर्तन व आख्यान हीं साधनें त्या समाजानेंही वापरलीं, आणि अशा वह्या घरांत असल्यास त्या जीर्ण कागद म्हणून जाण्याचा संभव फार. आपले रुमाल व बस्ते बहुधा मठ, वाडे व देशमुख-देशपांड्यांचीं घरें यांतून येतात. चर्चच्या वस्तींत किंवा गांवकुसाबाहेरच्या घरांत विचारणा करण्याची वहिवाट आपणांत नाहीं. ती पडावी, अशी विनंती आहे. वही रोमन, मोडी किंवा बाळबोध कोणत्याही लिपींत असो, तिच्यावर नांव, गांव, साल, कोणी कोणासाठीं उतरविली ही नोंद असल्यास ती जशीच्या तशी टिपून घ्यावी आणि मालकाच्या इच्छेविरुद्ध ती त्याच्या घरांतून हलवूं नये. पोथी हिरावून घेतल्यानें काय होतें, तें १५५९ च्या त्या ब्राह्मणाच्या उदाहरणावरून वर दिसलेंच आहे.

क्रिस्तपुराणाचे आजचे वाचक ज्यांचे ऋणी आहेत, त्या नकलकारांपैकीं बहुतेकांचीं नांवेंही आपणांस ठाऊक नाहींत. त्यांचें ऋण फेडण्याचा संशोधकाच्या हातीं असलेला मार्ग एकच : उरलेल्या प्रतींची नोंद करावी, आणि ती वेळेवर करावी.