बावीस इंची काळी सायकल

सोलापुरात गिरणीचा भोंगा वाजला की रस्त्यावर सायकलींचा पूर येई. हँडलला जेवणाचा डबा, कॅरिअरला घोंगडीचा तुकडा आणि तोंडात विडी अशी माणसे शेकड्यांनी एका दिशेला निघत. त्या पुरात आमच्या अब्बांची अ‍ॅटलास असे. गिरण्या एकेक करून थांबल्या, भोंगा मुका झाला, अब्बाही गेले. सायकल मात्र अजून आमच्या ओसरीत उभी आहे. अब्बांनी ती १९७४ साली हप्त्याने घेतली होती. म्हणजे ती माझ्याहून थोडीच धाकटी. गरिबाच्या घरात एवढे दिवस टिकलेली दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही. म्हणून वाटले, आज हिचे कुळ-मूळ सांगावे.

हिचे घराणे विलायती. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावी १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली या गृहस्थाने दोन सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी सायकल बनवली. त्याआधीची सायकल म्हणजे पुढे छातीएवढे चाक, मागे एवढेसे चाक. पडला तर माणूस तोंडावरच पडायचा. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने हवेचा टायर आणला आणि बसणाऱ्याच्या हाडांची सुटका झाली. सायकलीचा मूळ साचा तेव्हाच ठरला. त्यानंतर तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या, पण साचा बदलला नाही.

आपल्याकडे ती प्रथम साहेबाबरोबर आली. मग डॉक्टर, वकील, मास्तर, पोस्टमन अशा पायऱ्या उतरत ती खाली आली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून मार्च १९२८ मध्ये परतले. हे विक्रमवीर झाले. पण रोज पाच मैल गिरणीत आणि पाच मैल घरी असे तीस वर्षे जाणाऱ्या कामगाराचा हिशेब करून पाहा. तोही पृथ्वीला तीन फेऱ्या घालून वर काही उरतो. त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, एवढेच.

दुसऱ्या महायुद्धाने विलायती मालाची आवक आटली आणि स्वातंत्र्यानंतर सायकल देशी झाली. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलास, आसनसोलला सेन-रॅले आणि १९५६ मध्ये लुधियानात हिरो असे कारखाने उभे राहिले. लुधियानात तर घरोघरी कुणी पायडल, कुणी मडगार्ड, कुणी घंटी बनवू लागले. अशा शेकडो लहान कारागिरांमुळेच सायकल स्वस्त झाली.

हिरो या नावाची एक हकीकत मुंजाल घराण्याची मंडळी सांगत आली आहेत. फाळणीच्या सुमारास अमृतसरात करीम दीन नावाचे गृहस्थ सायकलीच्या सीटा बनवत. त्यांच्या मालाचे नाव होते हिरो. ते पाकिस्तानला जायला निघाले तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी विचारले, हे नाव आम्ही वापरू का? करीम दीन यांनी ते तसेच देऊन टाकले. दोन्हीकडून माणसे सर्वस्व गमावून पळत होती, त्या दिवसांतली ही देवघेव आहे. त्याच नावाचा कारखाना १९८६ साली जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारा म्हणून गिनीजच्या पुस्तकात गेला. हे नाव वाचले की मला तो सीटवाला आठवतो.

आता आमच्या सायकलीच्या तब्येतीबद्दल. चौकट बावीस इंची, पोलादी नळ्यांची. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, कारण बोजा सगळा मागे. ब्रेकला केबल नाही, लोखंडी सळया. पन्नास वर्षांत टायर-ट्यूब किती गेल्या याची मोजदाद नाही. साखळ्या पाच-सहा, फ्रीव्हील तीन, चामड्याची सीट एकदाच, कॉटर पिना मात्र सारख्या. हँडल, चौकट आणि पुढचा चिमटा अब्बांच्या हातचा आहे तसा आहे. मुख्य गोष्ट अशी की यातला कुठलाही भाग आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि कुठल्याही कंपनीचा कुठल्याही सायकलीला बसतो. दुकान म्हणजे तरी काय? एक पंप, पाण्याची घमेली, पान्हे, सोल्युशनची ट्यूब आणि चाकाचा आउट काढणारी दोन बोटे. आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री शाळेत गेले नव्हते, पण चाक हवेत फिरवून नुसत्या आवाजावरून सांगत, "छर्रा फुटलाय, भाईजान."

त्या काळी सायकलवाल्याला कायदाही होता. नगरपालिका दरवर्षी कर घेऊन बिल्ला देई. अंधारात दिवा नसला किंवा डबलसीट नेले की पोलीस अडवून चाकातली हवा सोडत. पुढे बजाजची स्कूटर आली. १९८४ मध्ये हिरो होंडा स्थापन झाली आणि ज्या घराण्याने गरिबाला सायकल दिली, त्यानेच त्याला मोटारसायकलचे स्वप्न दाखवले. यात दोष कुणाचा नाही. उन्हात सायकल मारणाऱ्याला इंजिन हवेसे वाटणारच. वरळीची हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले या आजारी कंपन्या १९८० साली सरकारने ताब्यात घेतल्या, तरी पुढे त्या बंदच पडल्या. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता.

इथवर सगळे कौतुक झाले. पण या सायकलीची एक गोष्ट मी आजवर कधी सांगितली नव्हती.

दर शुक्रवारी अब्बा नमाजाला गेले की माझी थोरली बहीण, आमची आपा, ही सायकल पुसायची. रॉकेलचा बोळा घेऊन एकेक तार चमकवायची, साखळीला तेल सोडायची. उतरलेली साखळी तिच्याइतक्या झटकन घरात कुणी चढवत नसे. पण ती सायकलवर कधी बसली नाही. मी नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो तेव्हा कॅरिअर धरून मागे धावली ती आपाच. सातवीनंतरची शाळा तीन किलोमीटरवर होती. चालत जायला अम्मीचा जीव धजावेना आणि सायकलवर मुलगी बसली तर मोहल्ला काय म्हणेल, हा अब्बांचा प्रश्न. आपाची शाळा सुटली. त्याच रस्त्याने, त्याच सायकलवर मी पुढे बी. ए. झालो. तेव्हा मला त्यात वावगे वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे.

आमच्याकडे हे चालले होते, त्यानंतर दहाएक वर्षांतच तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीने बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. शेतमजूर, खाणीतल्या कामकरी, अंगणवाडीच्या सेविका हजारोंनी शिकल्या. त्यात मुसलमान बायकाही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते लिहून ठेवले आहे. गंमत म्हणजे लेडीज सायकलींचा तुटवडा असल्याने बायकांनी पुरुषी सायकली घेतल्या आणि त्यांना त्या अधिक सोयीच्याही वाटल्या. मधल्या नळीवर पोर बसवता येते! ज्या नळीचे आमच्याकडे कारण सांगितले गेले, तीच तिथे कामाला आली.

२००६ साली बिहारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगा-मुलगी यांच्यातले अंतर ४० टक्क्यांनी घटले. सर्वांत जास्त फरक कुठे पडला? जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तिथे. हा आकडा वाचून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले होते.

२०१३ साली मी मुलासाठी नव्या तऱ्हेची एक स्वस्त सायकल घेतली. पुढे स्प्रिंग, मागचा भाग ताठ, २१ गिअर. हिला हार्डटेल म्हणतात. हिची जात अमेरिकेची. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडल्या आणि त्या खेळातून ही घडली. महाग असते ती चांगलीच असणार. आमची स्वस्त. दोन पावसाळ्यांत पुढची स्प्रिंग गंजून बसली. प्लॅस्टिकची पायडले तुटली, तिथे लोखंडी आली. गिअरच्या केबली गंजल्या तेव्हा मिस्त्रींच्या मुलाने ते सगळे सोडवून एकच दाता ठेवला. वर मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड बसवला. दहा वर्षांत ती हळूहळू अब्बांच्या सायकलीसारखी होत गेली. आपल्या रस्त्यांना आणि खिशाला काय झेपते, ते मिस्त्रीने तिला शिकवले म्हणा.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. ती सायकल आता आपाची नात शाळेला नेते. तिला कुणी विचारत नाही आणि तीही कुणाला विचारत नाही. परवा शुक्रवारी गेलो तर साठी ओलांडलेली आपा अंगणात पाटावर बसून साखळीला तेल सोडत होती. मी म्हटले, "आपा, एकदा बसून बघ की." ती हसली आणि म्हणाली, "आता गुडघे कुठे साथ देतात? तू आधी मागचे चाक बघ, आउट आहे ते." मी चाक फिरवून पाहिले. आउट होतेच.